भाग ७ : रेघेवर उभा राहणारा घोडा

चेन्नईहून बोलतोय. सकाळचे सव्वासात झालेत, घोड्यांचा सराव आटोपलाय, आणि मागे बादल्यांचा जो आवाज येतोय तो त्यांच्या आंघोळीचा. तेवढं सांभाळून घ्या.

गेल्या भागात मी टेंट पेगिंगचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर नगरकडच्या एका कॉलेजातल्या मुलानं मला अमेरिकेतल्या रोडिओचा व्हिडिओ पाठवला. घोड्यावरून वासराच्या गळ्यात दोरीचा फास टाकायचा आणि वासरू बांधायचं, असा खेळ. खाली लिहिलं होतं, "दादा, हे आपल्याकडं कुठं शिकवतात? आमच्याकडं घोडी आहे, गोठ्यात वासरंपण आहेत."

आधी त्याचं उत्तर देऊन टाकतो, कारण वासरं खरंच गोठ्यात आहेत. करू नको. गमतीत म्हणूनसुद्धा नको. का ते पुढं सांगतो. पण त्या व्हिडिओत शिकण्यासारखं खूप आहे, आणि ते सगळं घोड्याकडं बघून शिकायचंय. आजचा भाग त्याच्यावर.

ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. एका अरुंद कोंडीतून वासरू सुटतं. वजन साधारण शंभर ते सव्वाशे किलो, म्हणजे अगदी कोवळं नाही, पण वासरूच. शेजारच्या खणात घोडेस्वार तयार असतो. वासराला थोडी आघाडी द्यायची असते. ती मिळेपर्यंत घोड्यापुढं एक दोरी आडवी असते, आणि घाई करून ती आधीच तोडली तर दहा सेकंदांचा दंड. जिथं चांगला स्वार सगळा खेळ आठ-नऊ सेकंदांत उरकतो, तिथं दहा सेकंद म्हणजे घरी जा. मग घोडा वासराच्या मागं लागतो, स्वार डोक्यावर फास फिरवतो, गळ्यात टाकतो, आणि घोडा थांबत असतानाच खाली उडी मारतो. दोरीचं दुसरं टोक खोगिराच्या पुढच्या खुंटाला बांधलेलं. स्वार पळत जाऊन वासराला आडवं करतो, तोंडात धरलेल्या छोट्या दोरीनं तीन पाय बांधतो आणि हात वर करतो. मग परत घोड्यावर बसून मोठी दोरी सैल सोडायची. त्यानंतर सहा सेकंद वासरू बांधलेलं राहिलं तर वेळ धरतात.

लोक बघतात तो फास. माझी नजर होती स्वार खाली उतरल्यानंतरच्या घोड्यावर. त्याच्या पाठीवर कोणी नाही, लगाम कोणाच्या हातात नाही, समोर धडपडणारं जनावर आहे, चहूबाजूंनी हजारो लोक ओरडताहेत. आणि तो घोडा वासराकडं तोंड करून उभा आहे. दोरी सैल पडली तर एक पाऊल मागं सरकतो, ताठ झाली की थांबतो. असा घोडा तयार व्हायला वर्षं लागतात.

दुसरी गोष्ट तर व्हिडिओत दिसतही नाही. तो खणात शांत उभा होता. हे त्याला वेगळं शिकवलेलं असतं. तिकडचे चांगले शिक्षक सरावात वासरू सोडतात आणि घोड्याला जागेवरच उभा ठेवतात. परत सोडतात, परत उभा ठेवतात. दहा वासरं गेली तर दोनांच्याच मागं जातात. कारण प्रत्येक वेळी पळवलं की घोडा वासराची वाट बघणं सोडून देतो आणि दार वाजल्याबरोबर उसळतो. फासाचा सराव तर बहुतेक वेळा जिवंत वासरावर होतच नाही. लाकडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या ठोकळ्याला शिंगं-मान लावून त्याच्यावर शेकडो वेळा फास टाकतात.

आता वासराचं. गळ्यात फास पडतो तेव्हा वासरू पूर्ण वेगात असतं आणि दोरीचं दुसरं टोक चारशे-पाचशे किलोच्या थांबलेल्या घोड्याला असतं. मानेला काय हिसका बसत असेल याचा विचार करा. अमेरिकेतही यावर बरीच भांडणं आहेत. त्याच खेळाचा एक प्रकार असा आहे की दोरी खोगिराला बारीक सुतळीनं बांधतात. ती ताण आला की तुटते आणि वासरू दोरीसकट पुढं निघून जातं. ब्रिटननं तर १९३४ सालीच कायदा करून दोरीनं जनावरं पाडण्याचे जाहीर खेळ थांबवले. आपल्याकडं प्राण्यांच्या छळाविरुद्ध १९६० सालचा कायदा आहे. मी राहतो त्या तमिळनाडूत जल्लिकट्टू चालतं, आपल्याकडं बैलगाडा शर्यती चालतात, हे खरं. १८ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या खंडपीठानं त्यांना परवानगी देणारे राज्यांचे कायदे उचलून धरले. पण ती परवानगी त्या-त्या खेळांना आहे, त्या-त्या नियमांनी आहे. नगर जिल्ह्यातल्या गोठ्यात फास घेऊन उतरणाऱ्याला ती लागू होत नाही.

चेन्नईत वासरावर दोरी पडतच नाही असं नाही. महापालिकेची माणसं रस्त्यावरची मोकाट गुरं रोज दोरीनं पकडतात, टेम्पोत चढवतात. पण त्यांच्याकडं घोडा नाही, आणि ते बिचारे पायीच पळतात.

आपल्याकडं घोडा, वेग, नेम आणि काही सेकंदांचा हिशेब हे सगळं एकत्र ज्या खेळात येतं तो खेळ म्हणजे टेंट पेगिंग. जुन्या लोकांच्या तोंडी नेजाबाजी. जमिनीत एक लाकडी खुंटी रोवलेली असते, भरधाव घोड्यावरून भाल्यानं ती उचलायची. हा खेळ निघाला कसा, याची एक गोष्ट सगळीकडं सांगतात : पहाटे शत्रूच्या छावणीवर घोडदळ घालायचं आणि तंबूंच्या खुंट्या उपटत जायचं, म्हणजे झोपलेले शिपाई तंबूखाली सापडतात. मराठी माणसाला ही गोष्ट लगेच पटते, आपलीच वाटते. पण तिला कागदोपत्री पुरावा नाही, म्हणून मी गोष्ट म्हणूनच सांगतो. मराठ्यांचं घोडदळ या भागात आलं होतं याला मात्र भरपूर पुरावा आहे. १६७७ साली शिवाजी महाराज दक्षिणेत उतरले, जिंजी घेतली, आणि त्या वर्षी मद्रासच्या इंग्रजांशी त्यांचा पत्रव्यवहारही झाला. त्यात महाराजांनी काही औषधं मागवली होती. ते असो, तो वेगळ्या भागाचा विषय आहे.

या खेळाचा मोठा क्षण म्हणजे १९८२ चं दिल्ली एशियाड. तिथं टेंट पेगिंग होतं आणि वैयक्तिक सुवर्णपदक आपल्या रूपिंदरसिंग ब्रार यांनी जिंकलं. आज हा खेळ मुख्यतः लष्कर, पोलिसांची अश्वदलं आणि थोड्या क्लबांमध्ये टिकून आहे. चेन्नई शहर पोलिसांचं अश्वदल पुदुपेट्टईत आहे. मरीनावर संध्याकाळी गेलात तर त्यांचे घोडे गस्तीवर दिसतात.

नियम सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. सुरुवातीच्या रेघेपासून खुंटी ७० मीटरवर. घोड्यानं ते अंतर ६.४ सेकंदांच्या आत कापायचं, नाहीतर गुण कापले जातात. म्हणजे ताशी जवळजवळ ४० किलोमीटर. खुंटी पहिल्या फेऱ्यांना ६ सेंटीमीटर रुंद, नंतर ४, आणि शेवटी अडीच. अडीच सेंटीमीटर म्हणजे तुमच्या अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडं जास्त. खुंटी भाल्यावर घेऊन १५ मीटर नेली तर सहा गुण. जमिनीतून निघाली पण पुढं नेता आली नाही तर चार. नुसता घाव बसला तर दोन.

नव्या माणसाला वाटतं की हा भाल्याचा खेळ आहे. म्हणून तो घरी काठी घेऊन बसतो आणि मनगट फिरवतो. मीही तेच केलं होतं. पण हिशेब करून बघा. घोडा सेकंदाला अकरा मीटर जातोय. शेवटच्या पंधरा मीटरला दीड सेकंदसुद्धा लागत नाही. त्या पंधरा मीटरमध्ये घोडा फक्त दोन अंश डावीकडं वळला, तर खुंटीजवळ पोचेपर्यंत तो अर्धा मीटर लांब गेलेला असतो. दोन अंश डोळ्याला दिसतही नाहीत. अर्ध्या मीटरनं लांब गेलेली खुंटी मात्र कुठल्याच मनगटाला सापडत नाही.

म्हणून घोडा सरळ जाणं हे नव्वद टक्के काम आहे. आणि तो सरळ का जात नाही, याची माझी गोष्ट सांगतो. मला ती सांगायला फारशी आवडत नाही.

आमच्याकडं मणी नावाचा घोडा होता. तमिळमध्ये मणी म्हणजे घंटा, आपल्याकडं मणी म्हणजे मणी, दोन्हीकडं चालणारं नाव. तो गिंडीच्या रेसकोर्सवर पळालेला, रेसमधून निवृत्त झालेला थरोब्रेड. अशा घोड्यांना एक गोष्ट हाडीमाशी भिनलेली असते : दार उघडलं की पळ. आणि दुसरी : लगामावर ताण आला की आणखी जोरात पळ, कारण रेसमध्ये ते ताणावर टेकूनच धावतात. म्हणजे आपल्याला जे हवं त्याच्या बरोबर उलट. मणी रेघेवर आला की नाचायचा. सोडला की उत्तम पळायचा. आणि खुंटीच्या दहा मीटर आधी डावीकडं निघून जायचा. रोज. तीन महिने.

मी ठरवून टाकलं की घोडा खुंटीला घाबरतो. मग मी त्याच्या तोंडातली कडी बदलली, जास्त कडक घातली. डावीकडं गेला की हिसका. आठ दिवसांत त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात जखम झाली आणि तो लगाम चढवताना मान वर करायला लागला. मालक म्हणाले, हा होणार नाही, बीचवर देऊन टाकू. मरीनावर पर्यटकांना चक्कर मारायला घोडे असतात, तिकडं. उन्हात दिवसभर उभं राहायचं, हे थरोब्रेडच्या पायांना आणि कातडीला किती झेपतं हे मला माहीत होतं. तरी मी हो म्हणालो. माझ्या मते दोष त्याचा होता ना.

त्याच आठवड्यात पोलिसांच्या अश्वदलातून निवृत्त झालेले एक दफेदार आमच्याकडं आले होते. साठी उलटलेले. मी त्यांना अय्या म्हणायचो, ते मला तंबी, म्हणजे धाकटा भाऊ. पहिल्या दिवशी ते कुंपणाला टेकून नुसते बघत राहिले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, भाला ठेव. खिशातला रुमाल काढला, मणीच्या मानेवर, आयाळीच्या बुडाशी ठेवला, आणि माझा लगाम धरलेला डावा हात त्याच्यावर टेकवला. म्हणाले, हा रुमाल पाडायचा नाही. आता पळव, आणि खुंटीपाशी रोजच्यासारखा वाक, हात रिकामाच असू दे.

रुमाल पडला. खुंटीच्या दहा मीटर आधी. सहा वेळा पळवला, सहाही वेळा तिथंच पडला.

काय होत होतं बघा. खुंटी उजवीकडं. मी उजवा खांदा खाली नेतो. शरीराचा तोल सांभाळायला डावा हात आपोआप वर आणि मागं जातो, जशी आपण एका हातात भरलेली बादली उचलली की दुसरा हात बाहेर जातो. त्या डाव्या हातात लगाम आहे. म्हणजे घोड्याला डावीकडं वळ असा निरोप गेला. शिवाय वाकताना माझी उजवी टाच त्याच्या बरगडीत रुतत होती, आणि उजवा पाय टोचला की डावीकडं सरकायचं हे तर मीच त्याला शिकवलं होतं. दोन्ही निरोप एकच सांगत होते. मणी तीन महिने माझं ऐकत होता आणि मी त्याबद्दल त्याचं तोंड फोडत होतो.

अय्यांनी मला काही ऐकवलं नाही. फक्त जुनी साधी कडी परत घालायला लावली आणि जखम भरेपर्यंत लगामाशिवाय, नुसत्या दोराच्या म्होरकीवर चालवायला सांगितलं.

तिथून जो सराव सुरू झाला तो मी आजही प्रत्येक घोड्याला तसाच देतो, म्हणून नीट सांगतो. पहिले पंधरा दिवस पळणं बंद. घोड्याला रेघेवर आणायचं, उभा करायचं, लगाम सैल सोडायचा आणि वीस आकडे मोजायचे. हलला तर रागवायचं नाही, गोल फिरवून परत तिथंच. वीस झाले की रेघ ओलांडायची ती चालत. सत्तर मीटर चालत जायचं, खुंटीच्या बाजूनं चालत पुढं निघायचं, आणि त्यानंतरही पन्नास मीटर सरळ. कधी खुंटीपाशीच थांबायचं, थोडं गवत द्यायचं. कधी अर्ध्यातून शांतपणे परत फिरायचं. घोड्याला कळता कामा नये की रेघ म्हणजे पळणं. रोडिओवाले वासरू सोडून घोडा उभा ठेवतात ते हेच.

भाल्याची ओळख घोड्याला वेगळी करून द्यावी लागते. आधी जमिनीवरून, हातात बांबू घेऊन त्याच्या शेजारून चालायचं. मग बांबू त्याच्या खांद्याला, पोटाला, मांडीला हळूच लावायचा. दोन्ही बाजूंनी, कारण घोड्यानं डाव्या डोळ्यानं पाहिलेली वस्तू उजव्या डोळ्याला नवी वाटू शकते. मग पाठीवर बसून बांबू उजवीकडं धरायचा, मग टोक खाली, मग टोक जमिनीवर घासत न्यायचं. तो खरखर आवाज घोड्याला सगळ्यात जास्त बिचकवतो. त्याची सवय चालताना व्हायला हवी. भरधाव असताना पहिल्यांदा ऐकला तर तो तुम्हाला पाडेल आणि त्यात त्याची चूक नसेल.

सरळपणासाठी खुंटीच्या आधी दोन लांब बांबू जमिनीवर समांतर ठेवायचे, मध्ये दीड मीटरची गल्ली. खुंटी गल्लीच्या उजवीकडं, बाहेर. आधी चाल, मग दुडकी, मग कँटर. बांबू हळूहळू आखूड करत न्यायचे आणि एक दिवस काढून टाकायचे. आणि स्वाराच्या मानेवर, म्हणजे घोड्याच्या मानेवर, तो रुमाल रोज. मी अजून ठेवतो. पंधरा वर्षं झाली, अजून कधीतरी पडतो.

आता भाल्याबद्दल, कारण विचाराल. सात-आठ फुटांचा भाला असतो. तो मुठीत आवळून धरायचा नाही. अंगठा दांड्याच्या लांबीत, पकड अशी की टोक कुठं आहे हे न बघता कळावं. सुरुवातीपासून टोक खाली धरून पळणारे पुष्कळ असतात. त्यांचा हात चाळीस मीटरमध्ये दमतो आणि टोक वरखाली नाचायला लागतं. शेवटच्या वीस-पंचवीस मीटरला, घोड्याच्या उड्यांच्या लयीत, टोक सावकाश खाली आणायचं. नजर खुंटीच्या बुडाशी, जिथं ती मातीतून निघते तिथं. वरच्या टोकाकडं पाहिलंत तर भाला तिच्यावरून निघून जाईल. वाकायचं ते कमरेतून, गुडघा घट्ट, रिकिबीत वजन दोन्हीकडं.

आणि घाव मारायचा नाही. हे सगळ्यांना उलट वाटतं. ढकलायचं नाही, भोसकायचं नाही. टोक जागेवर न्या, ताकद घोड्याच्या वेगात आहे. टोक लाकडात शिरलं की हात मागं जाऊ द्या. भाला घड्याळाच्या लंबकासारखा मागं जाईल, मग वर येईल, खुंटी त्याच्यावर असेल. इथं हात ताठ ठेवला तर खांदा उतरतो. टोक मातीत रुतलं आणि तुम्ही भाला सोडला नाही तर तो तुम्हालाच खोगिरातून उचलून टाकतो. म्हणून भाल्याची दोरी मनगटाला कधीही, कधीही बांधू नका. खुंटी गेली तर फक्त गुण गेले.

खुंटीनंतर काय, हेही घोडा लक्षात ठेवतो. बरेच जण उचलली की जल्लोष करत लगाम खेचतात. पाच-सहा वेळा असं झालं की घोडा खुंटीपाशीच वेग तोडायला शिकतो, कारण पुढं तोंडाला झटका आहे हे त्याला माहीत झालेलं असतं. सरळ जाऊ द्या, पाठीत बसा, आवाज द्या, त्याचा तो हळू होईल.

आवाजावरून आठवलं. आमचा सईस तमिळ. तो घोड्याला थांबवताना "निल्लु" म्हणतो. मी पुण्याचा, माझ्या तोंडून "थांब" निघतं. पहिलं वर्षभर आमचे घोडे दोन भाषांच्या मधे लटकलेले होते. मग ठरवलं, चोवीस तास जो त्यांच्याबरोबर असतो त्याची भाषा. आता मीही निल्लुच म्हणतो. शब्द कुठलाही चालेल, पण तबेल्यात, मैदानावर, सगळ्यांचा एकच हवा.

चेन्नईत हा सराव करताना एक गोष्ट वेगळी आहे आणि ती महाराष्ट्रातल्या, विशेषतः कोकण-मुंबईच्या लोकांनीही लक्षात ठेवावी. दमट उष्णता. घोडा माणसासारखाच घामानं थंड होतो. सतत दमट गरमीत राहिलेल्या काही घोड्यांचं घाम येणंच कमी होतं किंवा बंद पडतं. थंड मुलखातून इकडं आणलेल्या घोड्यांत ब्रिटिशांनी हे फार पाहिलं होतं. घोडा पळून आला, नाकपुड्या फुलल्यात, श्वास खूप वेगात आहे, शेजारचा घोडा ओलाचिंब आहे आणि हा मात्र कोरडा. अनाडी माणूस म्हणतो, वा, याला दमच लागला नाही. तो घोडा आतून उकळतोय. ताबडतोब सावली, पूर्ण अंगावर गार पाणी पुन्हा पुन्हा, वारा, आणि जनावरांचे डॉक्टर. चेन्नईत आमचं नशीब चांगलं. वेपेरीचं मद्रास व्हेटरनरी कॉलेज १९०३ सालापासून इथं आहे. तुमच्या गावात डॉक्टर किती लांब आहे ते आज बघून ठेवा, घोडा पडल्यावर नको.

म्हणून एप्रिल-मेमध्ये आम्ही पहाटे साडेपाचला घोडे काढतो आणि सातला बंद. पूर्ण वेगाच्या फेऱ्या आठवड्यात दोनच दिवस, आणि त्या दिवशीही एका घोड्याला तीन-चार. बाकी दिवस चाल, दुडकी, रेघेवर उभं राहणं. इथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर पडतो, आपल्या उलट, त्या दिवसांत मैदान चिखल होतं. मग तबेल्याच्या दारात उभं राहून बांबूचीच ओळख चालू ठेवायची. आणि समुद्राची कोरडी, खोल वाळू दिसली म्हणून तिच्यावर भरधाव सोडू नका. ती पाहायला मऊ असते, पण पाय रुतला की मागच्या शिरांवर फार ताण येतो. पाण्याजवळची दबलेली ओली वाळू त्यापेक्षा बरी, तीही हळू चालीला.

मणीचं काय झालं, असं विचारतील म्हणून सांगतो. बीचवर गेला नाही. रेघेवर वीस आकडे उभा राहायला त्याला सात आठवडे लागले. सहा सेंटीमीटरची खुंटी तो आणि मी दहांत चार-पाच वेळा आणायचो. स्पर्धेत जिंकण्यासारखं ते नव्हतं. आता तो म्हातारा झालाय, मुलांना बसायला शिकवतो. लगाम चढवताना मान अजूनही थोडी वर करतो. ते काही गेलं नाही.

तर नगरच्या मित्रा, तुझ्या घोडीसाठी पहिल्या आठवड्याचं काम देतो. घोडी भीमथडी असेल तर आनंदच आहे. आपल्या भीमा खोऱ्यातली ही जात, आता राष्ट्रीय पातळीवर वेगळी जात म्हणून तिची नोंदही झालीये. नसेल तरी काही बिघडत नाही. शेतात चुन्याची एक रेघ मार. तिच्यावर घोडीला आण आणि लगाम सैल सोडून उभी कर. पहिल्या दिवशी पाच आकडे उभी राहिली तरी खूप. मोबाइल कोणाच्यातरी हातात दे आणि तुझ्या डाव्या हाताचं शूटिंग करून घे, घोडीचं नाही. आठ दिवसांनी तो व्हिडिओ मला पाठव. वासरं गोठ्यातच राहू देत.

पुढच्या भागात नालाबद्दल बोलू. आमचे नालबंद बोलायला तयार झालेत, पण कॅमेऱ्यासमोर यायला लाजतात, तेव्हा बहुतेक त्यांचे फक्त हातच दिसतील.